कोना कोणासाठी?

कंचनबाई सकाळी चुलीपुढं बसून फुलके करत होत्या आणि त्यांचं सगळं लक्ष मात्र भिंतीपलीकडे होतं. भिंतीपलीकडे ग्यानबा मिस्त्रीची छन्नी चालली होती. दोन फुलके करपले, तिसरा तव्यावर फुगायचाच राहिला. शेजारी घुंघट सावरत कणीक मळणारी सून हीरा हळूच म्हणाली, "सासूजी, फुलका जळून राह्यला."

"जळू दे!" कंचनबाई खेकसल्या.

आता फुलका एकटाच जळत नव्हता, हे काय वेगळं सांगायला हवं? पलीकडे त्यांच्या धाकट्या जावेचं, अंगुरीबाईचं बिऱ्हाड होतं. तिनं आपल्या खोल्या नव्यानं करायला काढल्यापासून कंचनबाईंना अन्न गोड लागत नव्हतं. घरच्यांशी मारवाडी, शेजाऱ्यांशी वऱ्हाडी आणि रागावल्या म्हणजे दोन्हींची खिचडी, अशी त्यांची बोली होती. हल्ली खिचडीच फार शिजत होती.

ही गोष्ट चौऱ्याहत्तर सालची, वाशीमच्या बाजारातली. त्या दुमजली इमारतीला लोक 'तिघांची बिल्डिंग' म्हणत. कंचनबाईंचे यजमान घेवरचंद आणि धाकटे कस्तुरचंद हे सख्खे भाऊ आणि किन्हीराजाचे जगदेव पाटील हे त्यांचे दोस्त, अशा तिघांनी मिळून ती बांधली होती. खाली कापडाचं दुकान आणि गोदाम, वर तीन बिऱ्हाडं, जिना आणि मागच्या अंगणाकडचा सज्जा सगळ्यांचा सामाईक. आतलं ज्याचं त्यानं पाहावं, पण बाहेरच्या भिंतीला हात लावायचा तर तिघांनीही हो म्हणावं, असं बांधतानाच ठरलेलं. पुढं कस्तुरचंद काविळीनं गेले. मूलबाळ नव्हतं. त्यांचा हिस्सा बायकोच्या, म्हणजे अंगुरीबाईच्या नावावर चढला. घेवरचंदांनी तेवढी सचोटी पाळली, हे त्यांच्याशी न पटणारेही कबूल करत.

कंचनबाईंना राहवेना. जेवणं आटोपताच चिमूटभर हिंग मागायचं निमित्त काढून त्या पलीकडे गेल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या.

काळ्याभोर, तुळतुळीत कडप्प्याचा कमरेइतका उंच ओटा! भिंती पिस्ता रंगाच्या. ओट्यावर स्टोव्ह, आणि अंगुरीबाई सरळ उभी राहून भाजी परतत होती. अंगावर तेच ठरलेलं कत्थई लुगडं, हात उघडे, कपाळ उघडं. पण उभी कशी राहिली होती, एखाद्या सिनेमातल्या बाईसारखी! कंचनबाईंनी कडप्प्यावरून बोट फिरवून धूळ सापडते का पाहिलं. नाही सापडली.

"बसा ना, भाभीजी."

"बसू कुठं, बाई? आता तर तुमच्याकडं सारेच उभे." कंचनबाईंनी नाक मुरडलं. धाकट्या जावेला त्या घरच्या रीतीनं बीनणी म्हणत. "एवढं कायले करून राह्यली, बीनणी? एकट्या जिवाले?"

"एकट्या जिवाचेबी गुडघे दुखतात, भाभीजी."

"अन् हे सारं आलं कुठून?"

अंगुरीबाईनं स्टोव्ह बारीक केला आणि साधेपणानं सांगितलं, "पाटल्या मोडल्या."

त्या पाटल्या! अंगुरीच्या माहेरच्या, रिसोडच्या सोनाराकडून घडवलेल्या, बोटभर रुंद. कस्तुरचंद गेले त्या दिवशी कंचनबाईंनीच त्या तिच्या मनगटावरून ओढून काढल्या होत्या, आणि काढताना सोन्याचं वजन त्यांच्या हाताला कळलं होतं. विधवा बाई पाटल्या घालणार नाही, विकणार नाही, मग त्या जाणार कुठं? आपल्याच घरी! गेल्या वर्षी मुलाच्या, महावीरच्या लग्नात त्यांनी विहिणीला ऐटीत सांगूनही टाकलं होतं, की काकीच्या पाटल्या अखेर आमच्या हीरालाच यायच्या.

"मोडल्या? मले न विचारता?"

"पेटीत पडून कोणाच्या कामाच्या होत्या, भाभीजी? आता रोज त्यायले हात तरी लागते." आणि तिनं कडप्प्यावर आपला उघडा हात ठेवला.

कंचनबाई तडक घरी परतल्या. हिंग मागायचा राहूनच गेला.

घरी येऊन त्या आपल्या स्वयंपाकघरात बसल्या. काळी पडलेली भिंत, बसकी चूल, धूर. ओटा करा म्हणून नवऱ्याच्या मागं लागून त्या थकल्या होत्या, आणि त्याचं उत्तर एकच, "माह्या मायनं जनम बसूनच सैपाक केला. तुलेच काय झालं?" कपाळी कुंकू, हातात चुडा, कमावता मुलगा, दुकान भरलेलं. आणि साधा दगड मिळवायचा तर तोंड वेंगाडायचं! तिला मात्र कुणाला विचारायला नको. नवरा असून मी मागत राहायचं आणि नवरा नसून तिनं करून टाकायचं? असा विचार मनात आला आणि कंचनबाई स्वतःच दचकल्या. त्यांनी घाईघाईनं नवकार मंत्र म्हणायला सुरुवात केली. पण जळायचं काही थांबेना. एका विधवेचा आपल्याला हेवा वाटावा, याचा त्यांना आणखीनच राग येत होता.

तशात हीरानं बातमी आणली. ग्यानबा मिस्त्रीनं पलीकडच्या कोन्याच्या खोलीतल्या भिंतीवर कोळशानं चौकोन आखला होता. काकीजी तिथं रस्त्याकडं खिडकी पाडणार होत्या.

ह्या खोलीबद्दल आधी सांगायला हवं. इमारत बांधली तेव्हा ती कापडाच्या गाठी ठेवायला केली होती, म्हणून तिला खिडकी नव्हती. कस्तुरचंद गेले आणि घरात रिवाज पाळायची वेळ आली. नवरा गेलेल्या बाईनं वर्षभर कोन्यात बसायचं. ऊन अंगावर घ्यायचं नाही, पुरुषाच्या नजरेस पडायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. थाळी दारात सरकवली जाईल ती खायची, आणि मोरीवर जायचं तेही कुणी उठायच्या आत. अंगुरी तेव्हा ऐन बाविशीतली. कंचनबाईंनीच हात धरून तिला त्या खोलीत नेलं, आतल्या भिंतीला पाठ लावून बसवलं आणि दार ओढून घेतलं. पहिले काही महिने आतून रडणं ऐकू यायचं. मग तेही बंद झालं, तेव्हा घरच्यांना वाटलं, चला, सावरली! वर्षानं बाहेर आली तेव्हा सज्ज्यातलं ऊन तिला सोसेना; डोळ्यांवर पदर घेऊन ती भिंत चाचपत चालली. याला म्हणे सोग पाळणं म्हणायचं. जाणारा जातो, आणि जी जिवंत आहे तिला आपण वर्षभर पुरून ठेवतो, आणि वर शोकाचं नाव देतो!

पुढं त्या खोलीत लोणच्याच्या बरण्या आल्या, जुन्या रजया आल्या, पण नाव तेच राहिलं. कोन्याची खोली.

दुसऱ्या दिवशी दुपारी घेवरचंद जेवायला वर आले. कंचनबाईंनी गरम फुलक्यावर तूप घालता घालता विषय काढला.

"ऐकलं का? तुमची भावजय रस्त्यावर खिडकी फोडून राह्यली."

"फोडू दे ना. हवा येईन."

"हवा! विधवा बाई भर बाजारात तोंड काढून बसन, अन् तुमी म्हणता हवा येईन? उद्या समाजात काय तोंड दाखवान?"

घेवरचंद मनानं वाईट नव्हते. पण ते दोनच गोष्टींना भीत, विक्रीकरवाल्या साहेबाला आणि समाजाला. साहेब वर्षातून एकदा येई, समाज मात्र रोज दुकानाच्या पायरीवर चहा प्यायला बसे. त्यांचा घास हातातच राहिला. "होय बा, ते बी खरंच," ते म्हणाले आणि खाली जाता जाता ग्यानबाला सांगून गेले, "बाहेरच्या भिंतीले हात लावू नको. माह्यी परवानगी नाई."

छन्नी थांबली. कंचनबाईंना कितीतरी दिवसांनी दुपारची गाढ झोप लागली.

अंगुरीबाई भांडायला आली नाही. तिनं तिसऱ्या बिऱ्हाडातल्या गोजराबाईला एवढंच सांगितलं, "घर तिघांचं हाय, तर तिघायनं बसावं." गोजराबाई म्हणजे जगदेव पाटलांची बायको. पोरांच्या शाळेसाठी ती वाशीमला राहत होती, आणि पाटील शेतीसाठी किन्हीराजाला. बाई तोंडाची खडी, मनात एक आणि ओठावर दुसरं असं तिला जन्मात जमलं नव्हतं. तिनं पाटलांना निरोप धाडला आणि रविवारी पाटील एस्टीनं हजर झाले.

"बसाचं असन तर त्याच खोलीत बसू," अंगुरीबाईनं निरोप पाठवला. विचित्र वाटलं, पण नाही म्हणायला कारण सापडेना.

म्हणून भर दुपारी सगळे त्या खोलीत दिवा लावून बसले. घेवरचंद, त्यांचा मुलगा महावीर, जगदेव पाटील; दाराशी बायका. ग्यानबा हत्यारं घेऊन बाहेर सज्ज्यात बसला होता. थोड्याच वेळात पुरुषांचे सदरे पाठीला चिकटले.

"बाप्पा! काय उकडून राह्यलं अठी," पाटील उपरण्यानं वारा घेत म्हणाले. "आपल्याच्यानं घडीभर बसणं होत नाई."

"अंगुरीबाई वरीसभर होत्या," गोजराबाई म्हणाली. पाटलांचं उपरणं थांबलं.

जेठाशी, म्हणजे थोरल्या दिराशी बोलायचं नाही, हा घरचा नियम. म्हणून अंगुरीबाई गोजराबाईच्या कानाशी बोले आणि गोजराबाई ते मोठ्यानं सांगे. घेवरचंदही भिंतीकडं पाहून विचारत, जणू भावजय भिंतीतच राहते.

"त्यायले विचारा, खिडकी कायले पायजे? उजेड पायजे तर दुसरा दिवा लावून देतो."

अंगुरीबाई कुजबुजली. गोजराबाईनं सांगितलं, "बाहेर पाह्यले पायजे म्हणते."

"बाहेर काय हाय पाह्यले?"

या वेळी अंगुरीबाई बराच वेळ कुजबुजत होती. मग गोजराबाई सांगू लागली. "म्हणते, त्या वर्षी इथं बसून मी साऱ्या रस्त्याचे आवाज ओळखायले शिकली. मेडशीची एस्टी कोणती, दौलतसिंगचा टांगा कोणता. बाबूलाल फुटाणेवाला रोज ह्या भिंतीखालून ओरडत जाते. बारा वर्सं झाले, त्याचा आवाज मले पाठ हाय, पण मानूस कसा हाय ते मी अजून पाह्यला नाई. तेवढं पाहाचं हाय म्हणते."

घेवरचंदांनी घसा साफ केला. ते विरघळू लागले, हे कंचनबाईंनी बरोबर ओळखलं. झालं! म्हणजे ओटा तिचा, पिस्ता रंग तिचा, पाटल्यांचं सोनं तिचं आणि आता खिडकीही तिचीच होणार! त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. नवऱ्यासमोर, पाटलांसमोर बोलू नये, हेही त्या विसरल्या.

"फुटाणेवाला पाह्यले भिंती फोडतात का कोणी? अन् हा कोना फोडून टाकला, तर पुढं घरात काई झाल्यावर बाई बसवायची कुठं?"

बोलून गेल्या, आणि आपण काय बोललो ते त्यांना लगेच कळलंही नाही.

"कोणती बाई?" गोजराबाईनं विचारलं.

"कोणतीबी. घर म्हटलं म्हणजे..."

"कोणतीबी नाई, कंचनबाई. नीट सांगा. तुमच्या घरात बाया दोनच. एक तुमी, दुसरी ही हीरा. शेठजी हे समोर बसले हायेत, महावीर हा बसला हाय. हा कोना राखून ठेवून राह्यल्या तुमी, तो कोणासाठी? कोणाचं मरण धरून ठेवलं तुमी मनात?"

कंचनबाईंचा हात आपोआप तोंडावर गेला. "अरे राम! माह्या जिभेले आग लागो..." त्या पुटपुटल्या. महावीर खाली मान घालून बसला होता. घेवरचंद बायकोकडं पाहत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीती होती. रिवाज म्हणून ज्याला आजवर मान डोलावली तो आपल्या मरणाची तयारी करून बसलाय, हे त्यांना पहिल्यांदा दिसलं असावं.

तेवढ्यात दाराशी बांगड्या वाजल्या. हीरा उठून उभी राहिली होती. लग्न होऊन वर्ष झालं, सासऱ्यानं तिचा आवाज ऐकला नव्हता. तिनं घुंघट मागं सारला आणि सरळ घेवरचंदांकडं पाहिलं.

"बाबूजी, मी इथं नाई बसणार. तशी वेळ कधी न येवो. पण आली, तरी मी ह्या कोन्यात नाई बसणार. आज सगळ्यायसमोर सांगून राह्यली."

"हीरा!" महावीर म्हणाला. पुढं काय म्हणावं हे त्याला सुचेना, मग तो बिचारा गप्पच राहिला. गप्प राहण्यात त्यानं आयुष्यातलं पहिलं शहाणपण केलं असं मला वाटतं.

घेवरचंद कंचनबाईंकडं वळले. "बोल, काय करू?"

आजवर त्यांनी बायकोला असं चारचौघांत कधी विचारलं नव्हतं. ओट्याबद्दलसुद्धा नाही. कंचनबाईंनी सुनेकडं पाहिलं. एकोणीस वर्षांची पोर, कपाळावर ठसठशीत कुंकू. हिचा हात धरून आपण हिला इथं आणून बसवू? दार ओढून घेऊ? आणि मग त्यांना दुसरीच गोष्ट सुचली, की आपला हात धरून ही आणेल. त्यांनी भिंतीवरच्या कोळशाच्या चौकोनाकडं बोट दाखवलं आणि मान हलवली, होकाराची.

घेवरचंद उठून सज्ज्यात गेले. "ग्यानबा, जेवण आमचं दिवस मावळायच्या आत असते. त्याच्या पह्यले भोक तरी पाड."

ग्यानबानं घण उचलला. विटा पक्क्या होत्या, पण एक निखळल्यावर बाकीच्या निघत गेल्या. धूळ बसली आणि पश्चिमेचं ऊन खोलीत घुसलं. ते सरळ समोरच्या भिंतीवर पडलं, आणि तिथं बसल्या माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर एक काळपट, तेलकट डाग दिसला. डोकं टेकून टेकून पडलेला. खाली पाठ घासून गुळगुळीत झालेला चुना. दिव्याच्या उजेडात तो कधी कुणाला दिसला नव्हता.

कंचनबाई त्या डागाकडं पाहतच राहिल्या. त्यांना एकदम रडू कोसळलं. "मीच बसवलं होतं," त्या म्हणत राहिल्या, "मीच बसवलं होतं, बाई."

अंगुरीबाईनं त्यांची समजूत घातली नाही. का घालावी? ती पदरानं तोंडावरची धूळ पुसत पुढं झाली आणि आज कुणाच्या मध्यस्थीशिवाय ग्यानबाला म्हणाली, "त्या डागावर रंगाचे दोन हात मारजो."

खिडकीला सागवानी चौकट बसली, गज बसले, निळी झडप बसली. समाजातले लोक काही दिवस दुकानाच्या पायरीवर कुजबुजले. चहा मात्र त्यांनी सोडला नाही. कंचनबाई तिकडं फिरकल्या नाहीत. तोंड कोणतं घेऊन जाणार? पण एका सकाळी खरंच हिंग संपला. त्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"या, भाभीजी. आता बसाले जागा हाय," अंगुरीबाई म्हणाली आणि खिडकीतल्या पाटावर सरकली.

कंचनबाई अवघडून बसल्या. वाऱ्याची झुळूक आली. इमानदारीनं सांगायचं तर त्या क्षणीही त्यांच्या मनात पहिलं हेच आलं, की आपल्या सज्ज्यापेक्षा इथला वारा चांगला आहे. स्वभाव असा एका दिवसात जातो होय?

खालून ओळखीची आरोळी आली, "फुटाऽऽणे! गरमागरम!" दोघीही गजाला नाक लावून खाली वाकल्या. हातभर उंचीचा, मोडक्या चपलांचा म्हातारा, डोक्यावर त्याच्याहून मोठी टोपली.

"अवं माय! एवढासा?" कंचनबाई म्हणाल्या. "अन् आवाज केवढा!"

अंगुरीबाई हसली. तोंडावर पदर न घेता, मोठ्यानं हसली. बारा वर्षांत कंचनबाईंनी ते हसणं ऐकलं नव्हतं, आणि त्याआधी ते कसं होतं, हे त्या विसरूनही गेल्या होत्या. हसणं ऐकून हीरा धावत आली, तिघी खिडकीत दाटीवाटीनं बसल्या.

"हीरा," कंचनबाई रस्त्याकडं पाहतच म्हणाल्या, "तुह्या सासऱ्याले सांग, मले ओटा पायजे. हिच्याहून चार बोटं लांब."

"तुमीच सांगा ना, सासूजी."

"सांगन, मीच सांगन." मग त्या थोड्या थांबल्या. हात गजावर होता, चुडा उन्हात चमकत होता. "अन् आणखी एक. माह्यावर कधी वेळ आली, अन् रिवाज सांगाले कोणी दारात आलं, तर त्यायले वाटेतूनच परत लावजो. मले ह्या खिडकीत बसवजो."

हीरानं मान हलवली. बाबूलाल कोपऱ्यावर वळेपर्यंत तिघी तिथंच बसून होत्या.

वाचकहो, ती खिडकी बाजारातून जाताना आजही दिसते. पण तुम्ही एवढ्या लांब यायची गरज नाही. तुमच्या घरात एखादा कोना असेल, एखादी खोली, एखादं न बोललेलं 'पुढं-मागं काही झालं तर'. आज जेवायला बसाल तेव्हा वाढणाऱ्या हाताकडं एकदा पाहा आणि गोजराबाईचा प्रश्न स्वतःला विचारा. राखून ठेवलाय, तो कोणासाठी?